क्लबची दुपारची जेवण-मीटिंग आणि पाहुणे वक्ते: दोनला घंटा वाजवायची कशी?

सचिव_जुलैपासून

आमचा रोटरी क्लब १ जुलैपासून, म्हणजे नवं रोटरी वर्ष सुरू होताना, साप्ताहिक मीटिंग रात्रीची बंद करून दुपारी घेणार आहे. वार गुरुवार. जागा एका हॉटेलचा पहिल्या मजल्यावरचा हॉल. सदस्य ४५, त्यातले ३० ते ३५ दर वेळी येतील असा अंदाज. दर आठवड्याला एक पाहुणे वक्ते.

रात्रीची मीटिंग वीस मिनिटं लांबली तरी खपतं, लोक उशिरा जेवतात एवढंच. दुपारी दोनला मात्र माणसं उठणार म्हणजे उठणारच. कुणाची ओपीडी, कुणाचं कोर्ट, कुणाचं दुकान. तेव्हा वेळापत्रक, जेवणाची ऑर्डर, माईक-प्रोजेक्टर, वक्त्यांशी बोलणी, सगळ्यावर नेमकं लिहा. 'नियोजन नीट करा' छापाचे सल्ले नकोत, ते रोटरी डिस्ट्रिक्टच्या सेमिनारला मिळाले आहेत.

---

पीपी_पंचगंगा

वक्त्याची वीस मिनिटं आधी कागदावर मांडा, मग तिथून मागे मागे या. बहुतेक क्लब उलटं करतात. घंटा, प्रार्थना, वाढदिवस, घोषणा, प्रकल्पांचा आढावा आणि उरेल ते वक्त्याला. उरतात अकरा मिनिटं, आणि त्यातही पहिली तीन माईक चालू आहे का बघण्यात जातात.

शेवटची घंटा दोनला. १:५८ ला आभार. १:४९ ते १:५८ प्रश्न. १:२९ ते १:४९ भाषण. १:२७ ला परिचय. सुरुवातीची घंटा १:१५ ला दिलीत तर क्लबच्या कामकाजाला बारा मिनिटं मिळतात आणि ती पुरतात. फोर-वे टेस्ट, म्हणजे रोटरीचे चार कसोटी-प्रश्न, अर्धं मिनिट, पाहुण्यांचं आणि दुसऱ्या क्लबमधून मेक-अपला, म्हणजे हुकलेली हजेरी भरून काढायला, आलेल्यांचं स्वागत दोन, वाढदिवस दोन, सचिवांच्या घोषणा तीन, कुठल्यातरी एकाच प्रकल्पाची माहिती तीन. दीड मिनिट सांडायला ठेवा, ते सांडतंच.

घोषणांवर एकच नियम: जे व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं आहे ते माईकवर वाचायचं नाही. रक्तदान शिबिराची तारीख सगळ्यांना माहीत असते. माईकवर फक्त 'अजून सहा स्वयंसेवक हवेत, हात वर करा' असं, म्हणजे ज्याला तिथल्या तिथे उत्तर मिळतं तेवढंच.

जेवण १२:४५ ला उघडा. १:१५ ला घंटा झाली की बुफेवर झाकणं. गोड पदार्थ आधीच टेबलांवर ठेवून द्या, म्हणजे त्यासाठी कुणी उठत नाही.

---

आमटीभात

१२:४५ ते १:१५ हे कागदावर छान दिसतं. पण निम्मे लोक १:०५ ला उगवतात. मग ३२ माणसं आणि एक रांग. ताट, पोळी, दोन भाज्या, कोशिंबीर, वरण, भात घेऊन पुढे सरकायला माणशी पंचवीस सेकंद धरा. ३२ गुणिले २५ म्हणजे आठशे सेकंद, तेरा मिनिटांच्या वर. शेवटचा माणूस ताट घेऊन बसतो तेव्हा घंटा झालेली असते.

उपाय सोपा आहे. बुफेचं टेबल भिंतीला चिकटवू नका, मधे घ्या. दोन्ही बाजूंना ताटं, दोन्ही बाजूंनी डाव. वेळ निम्म्यावर येतो. हॉटेलवाले भिंतीला लावतात, कारण वाढप्याला मागून भांडी बदलायला जागा लागते आणि एका बाजूला एकच माणूस पुरतो. त्यामुळे हॉल बुक करतानाच सांगा, ऐन दिवशी टेबलं हलत नाहीत. भात आणि वरण रांगेच्या शेवटी ठेवा, पातळ पदार्थाची वाटी घेऊन पुढे सरकताना रांग अडते. पाणी आणि ताक बुफेवर नकोच, टेबलांवर जग ठेवा.

मेनूबद्दल: श्रीखंड-पुरी, पाव-भाजी, पंजाबी ग्रेव्हीच्या दोन भाज्या हे दुपारच्या वक्त्याचे वैरी. दीड वाजता समोरचे तीस चेहरे पेंगायला लागले की जिल्हाधिकारी बोलोत की शास्त्रज्ञ, उपयोग नाही. फुलके, एक सुकी भाजी, एक उसळ, कोशिंबीर, साधं वरण, थोडा मसालेभात, ताक. गोड हवंच तर वाटीभर खीर किंवा कापलेली फळं. पुऱ्या एवढ्यासाठीही नकोत की त्या तळून वीस मिनिटांत चामट होतात आणि मग स्वयंपाकघरातून ताज्या आणायला वाढप्यांची धावपळ सुरू होते, नेमकी भाषण चालू असताना.

---

गणिती_काकू

गुरुवार घेताय म्हणून सांगते. दत्ताचा, साईबाबांचा गुरुवार करणारे चार-पाच सदस्य ४५ मध्ये असतातच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी महिला सदस्यांपैकी बऱ्याच जणी संध्याकाळपर्यंत जेवत नाहीत. शिवाय वर्षात कधी संकष्टी, कधी एकादशी गुरुवारी पडते. साबुदाण्याची खिचडी 'आहेच की किचनमध्ये' म्हणतात, ती नसते. साबुदाणा भिजायला काही तास लागतात. उपासाच्या ताटांचा आकडा आदल्या संध्याकाळीच द्यायचा. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी ऐन वेळी होऊ शकते, हॉटेलला हा पर्याय सुचवून ठेवा.

जैन सदस्य असतील तर नुसतं 'कांदा-लसूण नाही' एवढं सांगून भागत नाही, बटाटा-गाजर-मुळाही चालत नाही. एक भाजी रोजच तशी ठेवली की वेगळं ताट करावं लागत नाही.

आता पैसे. समजा ताट ३५० रुपये. पहिला प्रश्न: टॅक्स धरून की सोडून? साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर जीएसटी ५ टक्के, महागड्या खोल्यांच्या हॉटेलात तोच १८ टक्के होऊ शकतो. लेखी कोटेशनमध्ये टक्का लिहून घ्या. ५ टक्क्यांनी ३६७.५०. हॉटेलशी ३२ ताटांचा करार केलात तर एका मीटिंगचे ११,७६०. तिमाहीत १३ मीटिंगा, १,५२,८८०. ४५ जणांत वाटले की माणशी जवळपास ३,४०० रुपये तिमाहीला. हे वर्गणीतच घ्या. 'जो येईल तो देईल' ठेवलंत तर दारात सुट्ट्या पैशांचा आणि यूपीआयच्या स्क्रीनशॉटचा तमाशा होतो, आणि हजेरी कमी झाली की हॉटेलच्या गॅरंटीतला फरक क्लबच्या खात्यातून जातो.

गॅरंटीचा आकडा अपेक्षित हजेरीपेक्षा खाली ठेवा. ३२ येणार वाटत असतील तर २८ ची गॅरंटी. हॉटेल साधारण दहा टक्के जादा अन्न बनवतंच. वरच्या ताटांचे पैसे त्याच दराने द्यायचं ठरवा, पण कमी आले तर २८ चे द्यावेच लागतात हे लक्षात ठेवा.

---

सचिव_जुलैपासून

काकू, हिशेब जसाच्या तसा बोर्ड मीटिंगमध्ये मांडतो. ताटं मोजतं कोण?

---

गणिती_काकू

हॉटेल वापरलेली ताटं मोजतं आणि तिथेच घोळ होतो. दुसऱ्यांदा वाढून घेताना नवं ताट उचलणारे असतात, कुणी गोडासाठी मोठं ताट घेतं. ३० माणसांची ३६ ताटं होतात. त्यापेक्षा स्वच्छ ताटं मोजून ठेवायला सांगा. सुरुवातीला ४० मोजून मांडली, शेवटी किती उरली ते हॉटेलचा कॅप्टन (वाढप्यांचा प्रमुख) आणि तुमचा सार्जंट-ॲट-आर्म्स (मीटिंगची शिस्त-व्यवस्था बघणारा पदाधिकारी) दोघांनी मिळून बघायचं आणि तिथेच चिठ्ठीवर सही. गोडासाठी वाट्याच ठेवायच्या. आणि वक्त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरचं ताट धरलंय का? ते बहुतेक वेळा कुणाच्याच यादीत नसतं. एक-दोन ताटं खाली द्यायची असं करारातच लिहा.

हजेरी विचारण्याबद्दल: 'कोण येणार?' असा पोल टाकू नका. ज्यांना यायचं असतं ते उत्तर देत नाहीत. येणार हे गृहीत धरा, न येणाऱ्यांनी बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं. न कळवता गैरहजर राहणाऱ्यांच्या नावावर एक ताट. महिन्याभरात सवय लागते.

---

ध्वनिक्षेपक

आवाजावर लिहितो, कारण वक्त्यांची बहुतेक भाषणं पडतात ती इथे.

हॉटेलच्या हॉलमध्ये स्पीकरचे खोके बहुधा व्यासपीठाच्या मागच्या भिंतीवर असतात. माईक त्यांच्या समोर आला की खोक्यातला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी येते. खोके माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला हवेत. हलवता येत नसतील तर वक्त्याचा पोडियम दोन-तीन पावलं बाजूला घ्या, आवाज वाढवत बसू नका. हातातला माईक जाळीवर मूठ आवळून धरला तरी शिट्टी येते, कारण माईक समोरून ऐकतो आणि बाजूचं टाळतो ते जाळीच्या मोकळ्या कडांमुळे, त्या झाकल्या की तो सगळीकडूनच ऐकायला लागतो. वक्त्याला आधी सांगणं अवघड वाटतं, म्हणून परिचय करून देणाऱ्याने स्वतः दांडी धरून बोलून दाखवावं. लोक बघून धरतात.

कॉलर माईक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर. रेशमी पदर, जाड हार, ओढणी त्यावर घासली की खरखर होते. हार घालायचाच असेल तर माईक लावण्याआधी घालून काढून ठेवा. सेल दर मीटिंगला नवे. हॉटेलचा माणूस 'कालच टाकलेत' म्हणतो, आणि काल तिथे रात्री बारापर्यंत संगीत होतं. चार सेल सार्जंटच्या पेटीत पडलेले असावेत.

प्रोजेक्टर: लॅपटॉप क्लबचाच, वक्त्याचा नाही. वक्त्याच्या लॅपटॉपला यूएसबी-सी असतं, हॉटेलकडे एचडीएमआयची तार असते, जोडणी कुणाकडेच नसते. पेटीत ठेवा: यूएसबी-सी ते एचडीएमआय जोडणी, पाच मीटरची एचडीएमआय तार, ३.५ मिमीची आवाजाची तार, एक्स्टेन्शन बोर्ड. आवाजाची तार लोक विसरतात. एचडीएमआयने जोडलं की व्हिडिओचा आवाज प्रोजेक्टरच्या पोटातल्या बारीक स्पीकरमधून येतो, हॉलच्या खोक्यांतून नाही.

मराठी स्लाइडांची वेगळी डोकेदुखी आहे. अजूनही बरेच प्राध्यापक आणि सरकारी कार्यालयं श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करतात. तो फाँट क्लबच्या लॅपटॉपवर नसेल तर अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी दिसते. म्हणून बुधवारीच पीडीएफ मागवा. पीडीएफमध्ये फाँट आत बसून येतो. ॲनिमेशन जातं, जाऊ दे. वीस मिनिटांना बारा स्लाइड पुरे.

---

पीपी_पंचगंगा

ध्वनिक्षेपक यांना अनुमोदन, आणि भर: भांड्यांचा आवाज. बुफेची झाकणं, स्टीलचे डाव, ताटं गोळा करणाऱ्याची ट्रॉली. कॅप्टनला लेखी द्या की १:२७ ते १:५८ या वेळात ताटं उचलायची नाहीत. हॉटेलच्या शिस्तीत रिकामं ताट दिसलं की उचलायचं असतं, त्यामुळे तोंडी सांगून नवीन वाढप्यापर्यंत ते पोचत नाही. १:१५ ते १:२७ मध्ये, तुमच्या घोषणा चालू असताना, काय ती आवराआवर.

टेबलांचं म्हणाल तर दहा जणांच्या गोल टेबलाला सहा-सातच खुर्च्या लावा, व्यासपीठाकडची बाजू रिकामी. नाहीतर तिथल्या तीन-चार जणांची वक्त्याकडे पाठ होते, मग ते खुर्ची फिरवतात आणि ताट मांडीवर येतं. ३५ जणांना पाच-सहा टेबलं लागतील, हॉल बघताना तेवढी बसतात का ते मोजा.

---

तालुका_मेंबर

तुम्हा शहरवाल्यांना हॉटेल आहे, हॉल आहे. तालुक्याच्या गावी ग्रंथालयाची खोली किंवा शाळेचा वर्ग असतो. तिथे बुफे मांडूच नये. खानावळीतून चार कप्प्यांचे डबे सांगायचे, २० सदस्य असतील तर २२. डबा १२:३० ला भरून यायला हवा. त्याआधी आला तर पोळ्यांना घाम सुटतो, नंतर आला तर जेवण आणि भाषण एकमेकांवर पडतं. पातळ वरण-आमटी डब्यात नको, वेगळ्या बरणीतून वाढायची, रिक्षात सांडते. हात धुवायची सोय आधी बघा. शाळेत नळ मैदानाच्या टोकाला असतो आणि वीस जण जाऊन येईपर्यंत दहा मिनिटं सरतात. दोन पिंप, दोन बादल्या दाराशी ठेवल्या की काम होतं.

वीज गेली तर? प्रोजेक्टर सोडा, वक्त्याला आधीच सांगा की स्लाइड नसतील असं धरूनच या. बॅटरीवर चालणारा चाकांचा स्पीकर आणि वायरलेस माईक पुरतो.

बाजाराचा दिवस टाळा. व्यापारी सदस्य त्या दिवशी हलत नाहीत. उलट बाजारपेठेच्या साप्ताहिक बंदच्या दिवशी दुपारी हजेरी उत्तम असते.

---

सचिव_जुलैपासून

राष्ट्रगीत कधी घ्यावं? रात्रीच्या मीटिंगला घंटा, लगेच राष्ट्रगीत, शेवटी जेवण असं होतं. दुपारी घंटेच्या वेळी निम्म्यांच्या हातात घास असणार.

---

पीपी_पंचगंगा

शेवटी. १:५९ ला सगळे उभे, ५२ सेकंदांचं राष्ट्रगीत, मग अध्यक्षांची घंटा. त्यासाठी आभार १:५८ ऐवजी १:५७ ला सुरू करा आणि प्रश्नांतलं एक मिनिट कापा. १:१५ ला घेतलंत तर जेवणारे उष्ट्या हाताने उठतात, कुणी बुफेवरच थांबतं आणि स्वयंपाकघराकडून भांडी वाजतच असतात. बरं दिसत नाही. काही क्लब १२:४५ ला घंटा आणि राष्ट्रगीत घेऊन मग जेवण उघडतात. तात्त्विकदृष्ट्या उत्तम, पण त्या वेळी हॉलमध्ये आठ माणसं असतात.

---

आमटीभात

इथे मी पीपींशी असहमत. १२:४५ च्या घंटेलाच चिकटून राहावं. आठ माणसं असतात ती पहिल्या दोन मीटिंगांना. घंटा वेळेवर होते हे कळलं की लोक येतात. १:१५ ची घंटा म्हणजे उशिरा येणाऱ्यांना अर्धा तास आधीच बहाल केल्यासारखं आहे.

---

पीपी_पंचगंगा

मग हजेरीचा हिशेब करा. रोटरीच्या प्रमाण घटनेत हजेरी धरायला मीटिंगच्या किमान ६० टक्के वेळ उपस्थिती लागते. १:१५ ते २:०० ही ४५ मिनिटं, त्याचे ६० टक्के २७. म्हणजे १:१५ ला बसलेला माणूस १:४२ च्या आधी उठला तर हजेरी नाही. जेवून १:२० ला पळणारा आपोआप गैरहजर. १२:४५ पासून मीटिंग धरली तर ७५ मिनिटांचे ६० टक्के ४५ मिनिटं, म्हणजे १:३० ला निघणाराही हजर ठरतो, आणि वक्त्याचं तेव्हा पहिलं मिनिट चालू असतं. घंटा कुठे वाजवता यावर वक्त्यासमोरच्या खुर्च्या अवलंबून आहेत.

---

आमटीभात

हा मुद्दा मान्य. घंटा १:१५ ला. पण बुफे १:१० ला बंद.

---

निमशहरी

वक्ते मिळवण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही.

दर आठवड्याला बाहेरचा वक्ता हा हट्ट सोडा. २०१६ च्या कौन्सिल ऑन लेजिस्लेशनपासून, म्हणजे रोटरीचे नियम ठरवणाऱ्या सभेपासून, क्लबला महिन्यातून किमान दोन मीटिंगा पुरतात, दर आठवड्याची सक्ती नाही. आठवड्याला भेटायचंच असेल तर महिन्याचे दोन गुरुवार बाहेरचे वक्ते, एक क्लब असेंब्ली (सदस्यांची कामकाजाची सभा), एक सदस्याचं क्लासिफिकेशन टॉक, म्हणजे आपल्या व्यवसायाची आतली ओळख. कोल्ड स्टोरेज चालवणारा सदस्य द्राक्षं साठवताना काय काय बिघडतं ते सांगतो तेव्हा प्रश्नांचा वेळ कमी पडतो. आणि असं पंधरा मिनिटांचं एक टॉक कायम तयार ठेवा. पाहुणा ऐन सकाळी 'येऊ शकत नाही' म्हणाला की तेच कामी येतं.

कोण कधी रद्द करतं हे ठरलेलं आहे. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, महापालिका आयुक्त यांना मंत्र्यांचा दौरा लागला की सगळं बाजूला. डिसेंबरात नागपूरचं हिवाळी अधिवेशन, मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पी अधिवेशन, या दिवसांत त्यांना बोलावूच नका. पत्र स्वीय सहायकांकडे आणि आठवड्याने फोनही त्यांनाच. शल्यचिकित्सकाला दुपारी एकची वेळ धोक्याची, सकाळची शस्त्रक्रिया लांबते. फिजिशियन किंवा त्वचारोगतज्ज्ञ सुरक्षित. प्राध्यापक परीक्षांच्या काळात नाहीत. वकील 'बोर्ड (कोर्टातली त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) लवकर संपलं तर' म्हणतात, त्याचा अर्थ नाही असा घ्यायचा. निवृत्त माणसं सर्वांत भरवशाची, फक्त वीस मिनिटांत थांबत नाहीत.

विषयांसाठी रोटरीचे महिने वापरा. ऑगस्ट सदस्यता, सप्टेंबर शिक्षण आणि साक्षरता, डिसेंबर रोगप्रतिबंध, मार्च पाणी आणि स्वच्छता, एप्रिल पर्यावरण. २४ ऑक्टोबर जागतिक पोलिओ दिन, त्या आठवड्यात जिल्हा लसीकरण अधिकारी बोलवा. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी नंतरही डोस का द्यावा लागतो हे त्यांच्याकडून ऐकण्यासारखं असतं.

---

सचिव_जुलैपासून

राजकीय नेत्यांना बोलवावं का? आमदारांचं नाव दोन सदस्यांनी सुचवलं आहे.

---

निमशहरी

रोटरीच्या घटनेत स्पष्ट आहे: क्लब कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा देत नाही आणि मीटिंगमध्ये उमेदवाराच्या गुणदोषांची चर्चा करत नाही. सार्वजनिक प्रश्नांवर माहिती घ्यायला हरकत नाही. तेव्हा 'शहराचा पाणीपुरवठा' या विषयावर आमदार चालतील, पण आचारसंहिता लागू असताना कोणीच नको, आणि विषय पत्रात लिहून द्यायचा. त्याहून जास्त त्रास विक्रीवाल्यांचा. विमा, गुंतवणूक, प्लॉट, 'आरोग्यविषयक मार्गदर्शन' करून शेवटी पावडर विकणारे. निमंत्रणातच एक ओळ घाला: मंचावरून उत्पादन, दर किंवा संपर्क क्रमांक सांगता येणार नाही, व्हिजिटिंग कार्डं दारातल्या टेबलावर ठेवता येतील. खरा जाणकार याला लगेच हो म्हणतो. जो घासाघीस करतो तो कशासाठी येतोय ते कळलं.

निमंत्रणाचा क्रम: सहा आठवडे आधी पत्र, त्यात '२० मिनिटं भाषण, ८ मिनिटं प्रश्न, १:२९ ला सुरुवात' असं आकड्यांत. 'साधारण अर्धा तास' लिहिलंत तर चाळीस मिनिटांची तयारी करून येतात. आठवडा आधी फोन, परिचयाचा मजकूर आणि पीडीएफ मागायला. आदल्या दिवशी हॉटेलचं लोकेशन, पार्किंग कुठे, आणि दारात उभं राहणाऱ्या सदस्याचा नंबर. हा सदस्य १२:४० ला पोर्चमध्ये हवा, फोनवर नाही.

---

गणिती_काकू

वक्त्यांना आधी जेवू द्या, ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. १२:४५ ला अध्यक्षांबरोबर पहिलं ताट त्यांचं. त्यांच्या टेबलावर दोनच सदस्य बसवा, त्यातले एक आभार मानणारे. नाहीतर प्रत्येक जण येऊन ओळख करून घेतो, फोटो काढतो आणि पाहुणे १:२५ ला अर्ध्या पोळीवरून उठतात. मंचावर पाणी साधं, बर्फाचं नाही.

परिचय शंभर ते सव्वाशे शब्दांचा, एका मिनिटाच्या आसपास बसतो. पदव्यांची यादी नको. या विषयावर याच माणसाने का बोलावं, याची दोन वाक्यं आणि नावाचा नीट उच्चार. निमंत्रक, अध्यक्ष आणि सूत्रसंचालक असे तिघेही तोच बायोडेटा वाचतात तेव्हा पाच मिनिटं जातात. 'व्यासपीठावर उपस्थित आदरणीय' ही साखळी एकदाच, अध्यक्षांनी म्हणायची. पुढच्यांनी 'अध्यक्ष आणि मित्रहो' एवढंच.

स्मृतिचिन्ह म्हणून ॲक्रिलिकची ढाल नको, घरोघरी माळ्यावर अशा ढालींचे ढीग आहेत. एक पुस्तक द्या, किंवा त्यांच्या नावाने रोटरी फाउंडेशनला देणगी आणि त्याचं प्रमाणपत्र. नाव छापायचं असेल तर त्यांच्याच पत्रावरून उतरवा, डॉक्टर आणि प्राध्यापक यांची अदलाबदल इथेच होते.

---

हडसनकाठी

न्यू जर्सीतून. इथल्या दुपारच्या क्लबांतही हीच कसरत आहे. वेळ खातात ते 'हॅपी डॉलर': कुणाच्या मुलाला प्रवेश मिळाला, कुणाचा संघ जिंकला, एकेक डॉलर टाकायचा आणि सांगायचं. मजा येते, निधीही जमतो, पण सोडलं तर पंधरा मिनिटं. बऱ्याच ठिकाणी सार्जंट वाळूचं घड्याळ ठेवतो, तीन मिनिटं संपली की उरलेले डॉलर न बोलता डब्यात. तुमच्याकडे गमतीचे दंड लावून निधी जमवायची पद्धत असेल तर तोच नियम लावा.

बाकी जेवणाच्या टेबलावर क्लब चालवणं हे या मंडळींचं जुनंच आहे. मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये लायन्स क्लबांची जुळवाजुळव केली तेव्हा ते शिकागोतल्या अशाच एका व्यापाऱ्यांच्या दुपारच्या जेवण-मंडळाचे सचिव होते.

---

तालुका_मेंबर

लायन्समध्ये दंडाला 'टेल ट्विस्टर' असा स्वतंत्र पदाधिकारीच असतो. तो चांगला असेल तर तीन मिनिटांत सगळ्यांना हसवून पैसे काढतो, वाईट असेल तर घड्याळ आणि पाहुणे दोन्ही ताटकळतात.

---

ध्वनिक्षेपक

प्रश्नांसाठी दुसरा माईक हवाच, फिरता, आणि तो धरणारा माणूस आपला. माईक प्रश्नकर्त्याच्या हातात द्यायचा नाही, समोर धरायचा. हातात गेला की प्रश्नाआधी 'माझा या क्षेत्रातला अनुभव' सुरू होतो. पहिला प्रश्न कुणीतरी आधीच ठरवून ठेवा, कारण पहिली चाळीस सेकंद सगळे ताटांकडे बघत असतात. वक्त्याला वेळ दाखवायला पोडियमवर चिठ्ठी पाठवू नका, ती वाचायला ते थांबतात. शेवटच्या टेबलावर सार्जंटने '५' आणि '१' लिहिलेले मोठे कागद धरायचे. आणि हे असं करणार आहोत ते आधी सांगून ठेवायचं.

---

सचिव_जुलैपासून

सगळं उतरवून घेतलं. बुफे मधे, १:१० ला झाकणं, १:१५ घंटा, २८ ची गॅरंटी, पीडीएफ बुधवारी. एकच राहिलं: चहा. काही ज्येष्ठ सदस्य जेवणानंतर चहा हवाच म्हणतात.

---

आमटीभात

२:०० नंतर, आणि हॉलच्या बाहेर, जिन्याजवळच्या टेबलावर. आत ठेवलात तर १:५० ला वास सुटतो आणि प्रश्न चालू असताना खुर्च्या सरकायला लागतात. थर्मास नको, किटलीतून अर्धा अर्धा कप, म्हणजे उभ्या उभ्या घेऊन निघता येतं. वक्त्यांना शंका विचारायच्या राहिलेले लोकही तिथेच गाठतात, त्यामुळे पाहुण्यांना घ्यायला येणाऱ्या गाडीची वेळ २:२० ची सांगा.

---

गणिती_काकू

आणि चहा ताटाच्या दरात आहे की वेगळा, तेही कोटेशनमध्ये लिहून घ्या.